लहानपणी महाधमनीचं ऑपरेशन झालंय? मग या चुका टाळा

आमच्या मुलाच्या पाठीवर डाव्या खांद्याच्या फऱ्याखालून बरगडीकडे वळलेला एक व्रण आहे. महाधमनी, म्हणजे हृदयातून शरीरभर रक्त नेणारी मुख्य रक्तवाहिनी, जन्मतःच अरुंद होती, डॉक्टरांच्या भाषेत कोआर्क्टेशन. चार महिन्यांचा असताना ऑपरेशन झालं. शाळेत जायला लागेपर्यंत तपासण्या केल्या, मग फाइल माळ्यावर गेली. पोरगं खेळतंय, हुंदडतंय, आता कशाला डॉक्टर? हीच आमची सगळ्यात मोठी चूक.

धमनीचा अरुंद भाग मोकळा होतो, पण धमन्यांचा ताठरपणा राहू शकतो. पुढे बीपी वाढतं, तीच जागा पुन्हा अरुंद होते किंवा फुगते. आणि यातलं काहीच बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणून तपासणी जन्मभर.

दुसरी चूक डाव्या हाताची. नोकरीच्या मेडिकलला त्याचं बीपी ११२/७० आलं, आम्ही खूश. पुढे घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत शिबिर होतं. तिथल्या सिस्टरने पट्टा उजव्या हाताला बांधला आणि आकडा आला १५२/९०. मशीन बिघडलं म्हणून तिने दुसरं आणलं, तरी तेच. घरी येऊन मी माळ्यावरची फाइल काढली. पिवळ्या पडलेल्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं: डाव्या हाताकडे जाणारी धमनी कापून तिचंच ठिगळ महाधमनीला लावलंय. म्हणजे त्या हातात दाब कमीच दिसणार! अशा ऑपरेशननंतर बीपी उजव्या हातावरच बघायचं. तुमचं ऑपरेशन कुठल्या पद्धतीने झालं ते कार्डावर शोधा, फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. सोबत पायाचंही बीपी मोजायला सांगा. एरवी पायाचा वरचा आकडा हाताइतका किंवा थोडा जास्त असतो. हाताचा आकडा पायापेक्षा २० किंवा त्याहून जास्त निघाला, तर धमनी पुन्हा अरुंद झाल्याची शंका घ्यावी लागते.

क्लिनिकमध्ये बसून घेतलेल्या एका आकड्यावर विसंबू नका. काहींचं बीपी बसल्या जागी ठीक असतं आणि येऊरचा चढ चढताना भलतंच वर जातं. चोवीस तासांचं बीपी मॉनिटर आणि स्ट्रेस टेस्टबद्दल डॉक्टरांना विचारा.

‘टूडी इको नॉर्मल आहे ना?’ असं म्हणून थांबू नका. मोठ्या माणसात ती जागा इकोत नीट दिसेलच असं नाही, म्हणून साधारण तीन ते पाच वर्षांनी एमआरआय किंवा सीटी करतात. यातल्या बऱ्याच जणांची महाधमनीची झडप तीनऐवजी दोनच पाकळ्यांची असते, तिच्यावरही नजर हवी.

जिममध्ये श्वास रोखून जड वजनं उचलायची नाहीत. चालणं, सायकल चांगलीच. आमचा रोज उपवन तलावाला फेऱ्या मारतो.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट घरात कुणी बोलत नाही, पण बोला. बाळाचा विचार करण्याआधी जन्मजात हृदयदोष बघणाऱ्या कार्डिऑलॉजिस्टना भेटा. बीपीच्या काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, त्या वेळेत बदलून घ्याव्या लागतात; मनाने बंद करायच्या नाहीत.

आणि कधीच झाली नव्हती इतकी भयंकर डोकेदुखी अचानक उठली, किंवा छातीत-पाठीत फाटल्यासारखी कळ आली, तर ॲसिडिटीची गोळी देऊन वाट बघू नका. या लोकांत मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. १०८ला फोन लावा आणि कार्डाचा फोटो दाखवा.