नीतिमूल्यांवर व्याख्यान ठेवताय? या चुका टाळा

सभागृहात मोजून ऐंशी-पंच्याऐंशी मुलं. हजेरीपटावर सह्या एकशे नव्वद. बाहेर जिन्यात दोन पोरं एकाच पेनाने अख्ख्या वर्गाच्या सह्या ठोकत होती आणि आत पाहुणे सार्वजनिक जीवनातल्या सचोटीवर बोलत होते. हे आमच्याच कॉलेजात घडलं. तो हजेरीपट अहवालाला जोडून विद्यापीठाकडे पाठवला तोही मीच. सिंधुदुर्गात गेली पंधरा वर्षं अशी व्याख्यानं लावतोय, त्यामुळे पुढच्या बहुतेक चुका माझ्याच खात्यावरच्या आहेत.

पैशांची चूक आधी सांगतो, कारण ती कोणी बोलून दाखवत नाही. पाहुण्यांच्या हातात हजार ठेवायचे आणि दोन हजारांच्या व्हाउचरवर सही घ्यायची; वरचे ‘चहा-वड्यात गेले’. गेलेले असतातही खरेच. पण नीतीवर तासभर बोललेल्या माणसाला जाता जाता खोटी सही करायला लावतोय, हे लक्षात येईपर्यंत आमची तीन वर्षं गेली. वड्यांचं बिल वेगळं लावा. हॉटेलवाला देतो, फक्त मागावं लागतं.

दुसरी चूक विषयाची. ‘नीतिमूल्ये, शिक्षण आणि सार्वजनिक जीवन’ असं पत्रात लिहिलंत की वक्ता रामायणापासून सुरुवात करणार आणि मोबाईलवर घसरणार. त्यापेक्षा एक अडलेला प्रश्न द्या, तोही आपल्या मातीतला. आम्ही एकदा सी. डी. देशमुखांचा दिला. महाडजवळच्या नाते गावचा माणूस, रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर, १९५० पासून देशाचा अर्थमंत्री, लोकसभेवर कुलाबा जिल्ह्यातून (आताचा रायगड) निवडून गेलेला. मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्रशासित करायचं चाललं तेव्हा १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि पुढे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आमचा प्रश्न एवढाच होता: खुर्ची सोडणं बरोबर, की आत राहून भांडणं? मागच्या बाकावरची मुलंही वाद घालायला लागली. एकजण म्हणाला, ‘सोडून काय उपयोग, दुसरा बसतोच ना तिथे!’ वक्त्यांना घाम फुटला. बरं वाटलं.

वेळेचं थोडक्यात. जुलैत पत्र्याच्या सभागृहात ठेवू नका, पावसाच्या आवाजात माईकही हरतो. गणपतीच्या आदल्या आठवड्यात मुलं मनाने घरीच असतात. पाहुणे रेल्वेने येणार असतील तर पावसाळी वेळापत्रक बघा आणि आदल्या दिवशी बोलवा. आणि दुपारच्या एसटीआधी संपवा. गाडी चुकली तर पुढची दोन तासांनी, मग मुली घड्याळाकडे बघत ऐकतात. यात त्यांची काही चूक नाही.

प्रास्ताविक, परिचय, शाल-श्रीफळ, अध्यक्षीय मनोगत, आभार. यातलं निम्मं कापा. प्राचार्य रागावतात, मग विसरतात.

प्रश्नोत्तरांत मात्र मी सगळ्यात जास्त वर्षं चुकलो. ‘कोणाला काही विचारायचंय का?’ म्हटलं की सभागृह गप्प. आम्हाला वाटायचं, मुलांना रस नाही. खरं कारण पहिल्या रांगेत बसलेलं असायचं: आम्ही मास्तर. आता शिक्षक मागे बसतात आणि मुलं बिननावाच्या चिठ्ठ्या देतात. पहिल्याच वर्षी वहीच्या पानाचा तुकडा आला, चार घड्या घातलेला. ‘दाखला लवकर मिळावा म्हणून बाबांनी पैसे दिले. तोच लावून मला प्रवेश मिळाला. मी आता काय करायचं?’ पाहुण्यांनी चिठ्ठी वाचली, चष्मा काढला, हातातले कागद टेबलावर पालथे ठेवले. ‘याचं उत्तर माझ्या भाषणात नाही,’ म्हणाले. मग स्वतः नोकरीत असताना कुठे गप्प बसले ते सांगत राहिले. त्या दिवशी एसटी चुकली तरी कोणी उठलं नाही.

सह्या आता शेवटी घेतो, दारात उभं राहून. मागच्या वर्षी अहवालात ८३ लिहिले. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून क्लार्कचा फोन: ‘सर, फुडलो एक आकडो रवलो काय?’