मांडव्याहून रत्नागिरी: रो-रो, खाड्यांवरच्या फेरीबोटी आणि कोकण रेल्वे यांची सांगड

मुंबईहून रत्नागिरीला महामार्गाऐवजी किनाऱ्याने जायचे, आणि घरातल्या ज्येष्ठांना इतका वेळ मोटारीत न बसवता रेल्वेने आणून रत्नागिरीत भेटायचे, असा बेत आमच्या घरी आता ठरून गेला आहे. असा प्रवास आखताना पहिली फेरीबोट कधी सुटते इथून सुरुवात करू नये. आधी रेल्वेचे तिकीट, मग रो-रोचे, म्हणजे मुंबईहून मांडव्याला मोटारीसकट नेणाऱ्या मोठ्या बोटीचे, आरक्षण आणि उरलेला सगळा मोकळा वेळ खाड्यांसाठी, हाच क्रम ठेवावा, कारण खाड्यांवरच्या फेरीबोटींना आरक्षण नसते आणि दिवस लांबतो तो तिथेच.

रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. गणपती, दिवाळी किंवा मे महिन्याच्या दिवसांत त्याच सकाळी तिकीट काढलेले बरे. वंदे भारत रत्नागिरीला थांबते आणि दुपारपूर्वी पोहोचवते, त्यामुळे ज्येष्ठांसाठी मी ती किंवा जनशताब्दी निवडतो. दादरहून मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या तुतारी एक्सप्रेसने जाणार असाल, तर तारीख दोनदा तपासा. ५ तारखेच्या रात्री जेवून निघणाऱ्याचे तिकीट ६ तारखेचे असते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेगळे वेळापत्रक लागू होते, गाड्यांचा वेग कमी केला जातो आणि वंदे भारत आठवड्यातून मोजकेच दिवस धावते, हेही लक्षात ठेवावे.

रेल्वेची तारीख पक्की झाली की मोटारीने त्याच्या दोन दिवस आधी मुंबई सोडावी. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो २०२० मध्ये सुरू झाली; पेण-वडखळचा शंभर किलोमीटरहून मोठा वळसा ती साधारण तासाभरात वाचवते. मोटारीचे आरक्षण तिच्या आकारानुसार आणि माणसांचे वेगळे करावे लागते. सुटण्याच्या पाऊण तास आधी धक्क्यावर असावे. पाणी, औषधे, लहान मुलांचे कपडे एका पिशवीत वेगळे ठेवावे, म्हणजे मोटार उभी करून, हातब्रेक ओढून वर गेल्यावर पुन्हा खाली यावे लागत नाही.

मांडव्यापासून पुढे अलिबाग, रेवदंडा, मुरूड असे जाऊन आगरदांड्याला राजपुरी खाडी ओलांडून दिघीला उतरावे आणि मुक्काम दिवेआगर किंवा हरिहरेश्वरला करावा. दुसरा दिवस सर्वांत लांब असतो: बागमांडल्याहून सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वी, मग केळशी, आंजर्ले, दापोली आणि शेवटी दाभोळहून वाशिष्ठीपलीकडे धोपावे. दोन खाड्या आणि मधला वळणांचा अरुंद रस्ता यांमुळे नकाशावर दिसणाऱ्या वेळेत दीड-दोन तास मिळवूनच हिशेब करावा. एकदा आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर आम्ही रेंगाळलो आणि पुढच्या खाडीवर पोहोचेपर्यंत शेवटची फेरी निघून गेली होती. दिवे पलीकडे दिसत असताना खेड-चिपळूणवरून वळसा घालून गुहागरला पोहोचलो, तेव्हा मध्यरात्र उलटली होती. तेव्हापासून शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशी धक्क्यावर फोन करून विचारतो आणि तिच्या दोन तास आधी पोहोचायचे असे धरूनच निघतो.

भरती-ओहोटीचा अंदाज घरच्या घरी बांधता येतो. आपल्या किनाऱ्यावरचे जुने गणित असे, की पंधरवड्यातल्या तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ कळते. अष्टमीला ती सहाच्या सुमारास येते, एकादशीला सव्वाआठच्या, आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. ऐन ओहोटीला धक्क्याचा उतार मोटारीला जास्त तीव्र पडतो आणि गाळ साचलेल्या ठिकाणी बोटीला थांबावे लागू शकते, म्हणून कमी उंचीची मोटार असेल तर ती वेळ टाळावी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हा फरक अधिक जाणवतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी गुहागरहून हेदवीमार्गे तवसाळ गाठावे, जयगडला उतरावे आणि गणपतीपुळ्यावरून रत्नागिरीत यावे. स्थानक शहराबाहेर कुवारबावला आहे, तेव्हा गाडी येण्याच्या अर्धा तास आधी थेट तिथेच जावे. तवसाळला काही कारणाने फेरी बंद असेल तर चिपळूणला परत फिरण्याइतका वेळ हाती राहावा, यासाठी गुहागर सातच्या आत सोडावे आणि रेल्वेतल्या मंडळींकडे रत्नागिरीतल्या एखाद्या रिक्षावाल्याचा क्रमांक आधीच देऊन ठेवावा.