हीटर लावला की गाडीत वास येतो? या चुका टाळा

थंडी पडली आणि महाबळेश्वरकडं जाणाऱ्या गाड्या वाढल्या, की साताऱ्यातल्या आमच्या गॅरेजात एक तक्रार ठरलेली: "मिस्त्री, हीटर लावला की घाण वास येतोय." गाडीत बसावं तर एसीच्या जाळीला परफ्यूमच्या दोन बाटल्या अडकवलेल्या. मग त्या काढून, चारी काचा खाली करून गाडी तासभर उभी ठेवायची, तेव्हा कुठं मूळ वास कसला ते कळतं. वास झाकू नका. तो गोड आहे, कुबट आहे की जळका, हीटरवरच येतो की एसीवरही, एवढं नीट सांगितलंत तरी आमचं अर्धं काम होतं.

मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो गोड वासाकडं केलेल्या दुर्लक्षाचा. डॅशबोर्डच्या आत हीटरचा एक छोटा रेडिएटर असतो. इंजिनातलं साधारण 90 अंशांचं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, त्यातून फिरतं आणि पंखा त्यावरून हवा ढकलतो. हा रेडिएटर झिरपायला लागला की कूलंटची वाफ थेट आत येते. वास गोडसर, पाकासारखा.

वाईच्या एका शिक्षकांनी कोल्हापूरहून काकवीचा डबा आणला होता. त्याच आठवड्यात गाडीत गोड वास सुरू झाला, म्हणून घरात सगळ्यांनी ठरवलं, काकवी सांडली. सरांनी मॅट धुतल्या, सीट कव्हरं धुतली. वास जाईना. कूलंटची पातळी उतरत होती, ती ते बोअरच्या पाण्यानं भरत राहिले, आधीपासून भरायचे तसंच. डिसेंबरात एका रात्री पाचगणीहून पसरणी घाट उतरताना काचेवर वाफ धरली, म्हणून त्यांनी हीटर पूर्ण जोरात लावला. काच आतून तेलकट, पांढरी झाली. फडकं फिरवावं तसं आणखी पसरायला लागलं. मागच्या सीटवर दोन मुलं झोपलेली. बाजूची काच खाली करून, डोकं बाहेर काढून सर घाट उतरले.

दुसऱ्या दिवशी डाव्या बाजूचं कार्पेट उचललं, तर खाली हिरवट पाणी. बोअरच्या क्षारांनी आणि गंजानं तो रेडिएटर आतून खाल्ला होता. डॅशबोर्ड उतरवावा लागला, दोन दिवस गेले. सर म्हणाले, "मिस्त्री, सध्या बायपास करून द्या की." मी नाही म्हटलं. हीटरच्या नळ्या बायपास केल्या की गरम हवाच बंद, मग घाटात थंडीत काच कशानं साफ करणार? गळती बंद करणारी पावडरही मी कधी टाकत नाही. ती भोक बुजवते, तशीच बारीक नळ्याही बुजवते.

माझी सवय सांगतो. दर रविवारी सकाळी, इंजिन गार असताना, कूलंटची पातळी बघतो आणि डाव्या पायाखालचं कार्पेट हातानं दाबून बघतो. भरायचं तर कंपनीनं सांगितलेलंच कूलंट. इंजिन गरम असताना कूलंटचं झाकण कधीही उघडू नका. कूलंट विषारी असतं, सांडलं तर लगेच धुऊन टाका. गोड चवीमुळं कुत्रीमांजरं ते चाटतात.

कुबट वास, न वाळलेल्या फडक्यासारखा, तो हीटरचा नसतोच. तो एसीच्या ओल्या कूलिंग कॉइलवरच्या बुरशीचा. लोक दारात येईपर्यंत एसी चालवतात आणि चावी फिरवून उतरतात. मी घर दोन-तीन किलोमीटरवर आलं की एसी बंद करतो आणि बाहेरची हवा घेऊन पंखा चालू ठेवतो, कॉइल वाळते. पावसाळ्यात एसी चालू असताना गाडीखाली पाणी टपकलंच पाहिजे. टपकत नसेल तर ड्रेनची नळी तुंबली असं समजा. ती तशीच ठेवून पुढच्या जाळीतून फोमचा स्प्रे मारणं ही पैशाची नासाडी आहे. फोम कॉइलपर्यंत धड पोचत नाही, आणि पोचला तरी घाण बाहेर जायला वाट नसते.

केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी, झटकून पुन्हा बसवू नका. वर्षातून एकदा बदला, त्यावरच्या बाणाची दिशा बघूनच बसवा.

वायपरखालच्या जाळीतला पालापाचोळा हातानं काढा. तो तिथंच कुजतो, आणि बाहेरची हवा तिथूनच आत येते.

मेलेल्या उंदराचा वास फिनेलनं जात नाही. ब्लोअर, म्हणजे हवा ढकलणारा पंखा, उघडावाच लागतो.

थंडीत पहिल्यांदा हीटर लावल्यावर मिनिटभर धुळीचा वास आला तर घाबरू नका. जळक्या तेलाचा वास मात्र रोज येत असेल तर इंजिनावरच्या झाकणाचं गॅस्केट, म्हणजे तेल गळू न देणारी पट्टी, तपासून घ्या.

सायलेन्सरच्या धुराचा वास आत आला तर गॅरेजची वेळ बघत बसू नका. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो. काचा उघडा, गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा आणि आधी मुलांना खाली उतरवा.