घरचं उत्पन्न अचानक आटलं, तर कॉलेजची फी कशी भरावी

'एक वर्ष घरी बस, पुढच्या वर्षी बघू.' घरात पैशांची ओढाताण सुरू झाली की हा सल्ला मुलांना सगळीकडून फुकट मिळतो. आत्या देते, शेजारी देतात, कधी कधी शिक्षकही देतात. तो घेऊ नका. त्या एका वर्षात चालू शिष्यवृत्तीचं नूतनीकरण तुटतं, कदंब बसचा विद्यार्थी पास जातो, आणि कळंगुटला पर्यटनाच्या सीझनपुरती म्हणून धरलेली नोकरी पावसाळा आला तरी सुटत नाही.

मी गोव्यातल्या एका कॉलेजच्या कार्यालयात शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळते. डिचोली, सत्तरी, सांगे भागातल्या ट्रकवाल्यांची मुलं २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा आली, मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या तेव्हा पुन्हा आली. कोविडात तारवटी, म्हणजे जहाजावर काम करणारे, आणि हॉटेलवाले यांची आली. कुणाच्या घरी आजारपण असतं, कुणाच्या घरी मृत्यू. कारणं वेगळी असली तरी कामाचा क्रम तोच राहतो. आधार, रेशन कार्ड, गुणपत्रिका यांच्या प्रती फाइलला लावून ठेवल्या आहेत असं धरून चालते.

पहिलं काम: फीची तारीख उलटण्याआधी कॉलेजला लेखी कळवा

तोंडी सांगू नका. प्राचार्य 'हो हो, बघू' म्हणतात, ते मनापासूनच म्हणतात, पण हिशेबाच्या टेबलापर्यंत ते पोचत नाही. अर्ज लिहा, आणि त्यात नुसती 'मदत करावी ही विनंती' लिहू नका. मदत म्हणजे किती, कधी? अर्जात रक्कम आणि तारीख हवी. असा लिहा:

'माझे वडील जहाजावर कामाला होते. त्यांचं कंत्राट ऑगस्टमध्ये संपलं, नवीन अजून मिळालेलं नाही. या सत्राची फी १८,००० रुपये आहे. त्यातले ६,००० आज भरते. उरलेले १५ ऑक्टोबर आणि १५ डिसेंबरला प्रत्येकी ६,००० भरीन. तोवर परीक्षेचा अर्ज अडवू नये. वडिलांच्या कंत्राटाची प्रत आणि बँकेचं स्टेटमेंट सोबत जोडलं आहे. विद्यार्थी साहाय्य निधीतून काही मिळत असेल तर माझा विचार व्हावा.'

एवढं पुरे. रडगाणं एका ओळीचं, हिशेब चार ओळींचा. अर्ज इनवर्डला, म्हणजे आवक टेबलावर, द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का घ्या. हप्त्यांची तारीख चतुर्थीच्या आसपास ठरवू नका, कितीही ठरवलं तरी त्या महिन्यात घरातून पैसा बाहेर जातोच.

दुसरं काम: उत्पन्नाचा दाखला

बहुतेक घरं इथेच अडकतात. सुरुवातीच्या वर्षांत मीही इथेच चाचपडत असे, कारण नियम वाचून हे कळत नाही.

उत्पन्नाचा दाखला मामलेदार कचेरीतून मिळतो, अर्ज 'गोवा ऑनलाइन' पोर्टलवरूनही करता येतो. अडचण दाखला मिळण्यात नाही. अडचण ही की तो सहसा सरलेल्या आर्थिक वर्षाचा असतो, म्हणजे एप्रिल ते मार्च. तुमच्या घरची आवक ऑगस्टमध्ये थांबली असेल, तर सप्टेंबरमध्ये काढलेला दाखला बापाची बोटीवरची सगळी कमाई दाखवतो. घरात उसनवारी सुरू झालेली असते आणि कागदावर तुम्ही सुखवस्तू असता. कागद घराच्या एक वर्ष मागून चालतो.

यावर लोक दोन उपाय सांगतात आणि दोन्ही वाईट आहेत. पहिला: 'शपथपत्रावर कमी आकडा टाक, कोण बघतंय?' बघतात. पगाराचा दाखला, आयकर विवरणपत्र, बँकेचं खातं यांपैकी एक जरी जुळलं नाही तरी अर्ज बाद होतो, आणि मिळालेली रक्कम नंतर वसूल होऊ शकते. शपथपत्रावर सही बापाची असते, खोट्याची जबाबदारीही त्याच्याच गळ्यात पडते. दुसरा उपाय: 'दाखला जास्तीचा येणारच, मग अर्जच कशाला?' म्हणजे हातानं दार लावून घ्यायचं.

खरा उपाय असा. उत्पन्न कधी आणि का थांबलं, याचा तारखेचा पुरावा वेगळा जमवायचा आणि प्रत्येक अर्जाला तो जोडायचा. पुरावा धंद्याप्रमाणे बदलतो. खासगी नोकरी असेल तर कामावरून कमी केल्याचं पत्र. मालक पत्र देत नसेल तर पगार जमा व्हायचा थांबला ते बँकेचं पान. तारवट्यांची गोष्ट निराळी: त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचं आयकर विवरणपत्रच नसतं, पैसा बाहेरून एनआरई (परदेशातल्या कमाईच्या) खात्यात येतो. त्यामुळे सीडीसी पुस्तकात (खलाशाच्या नोकरीच्या नोंदवहीत) जहाज सोडल्याची जी नोंद होते ती, आणि त्या तारखेनंतर खात्यात काहीच आलं नाही हे दाखवणारं स्टेटमेंट, हे दोन्ही एकत्र लावा, एकटं एक पुरत नाही. दुकान असेल तर जीएसटी नोंदणी रद्द केल्याचा कागद. आजारपण असेल तर हॉस्पिटलचा डिस्चार्ज कागद आणि बिनपगारी रजेचं पत्र.

घरातला कमावता माणूस गेला असेल तर थोडं थांबा, सगळं उरकण्याची घाई करू नका. पण मृत्युदाखल्याच्या जादा प्रती पहिल्याच खेपेला काढून घ्या. मामलेदाराकडे जाताना तो दाखला न्या आणि आता घरात जे कमावतात त्यांच्याच उत्पन्नावर दाखला मागा. बँक, विमा, महामंडळ, सगळीकडे हाच कागद लागतो, आणि दर वेळी आईला पंचायतीत पाठवणं बरं नव्हे.

हे सगळं जोडूनही सरकारी योजनेत यंदा नकार येऊ शकतो, कारण तिथे आकडा दाखल्याचाच धरतात. म्हणून माझा ठाम क्रम असा आहे: पडझडीचं पहिलं वर्ष कॉलेजचे हप्ते, साहाय्य निधी आणि गरज असेल तर कर्ज यांवर काढायचं. कॉलेज तुमच्याकडे बघून निर्णय घेऊ शकतं, पोर्टल घेऊ शकत नाही. पुढच्या एप्रिलमध्ये, नवं आर्थिक वर्ष लागताच, आटलेल्या उत्पन्नाचा नवा दाखला काढायचा आणि मग योजनांच्या मागे लागायचं. मुलं नेमकं उलट करतात. पहिल्या वर्षी पोर्टलवर नकार खातात, खट्टू होतात, आणि दुसऱ्या वर्षी खरोखर पात्र असताना अर्जच करत नाहीत.

जून-जुलैत मामलेदार कचेरीत प्रवेशवाल्यांची झुंबड असते. एप्रिल-मे मध्ये जा. आणि गोव्यातल्या पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला नसेल तर त्याच खेपेला त्याचाही अर्ज टाका.

तिसरं काम: योजना निवडा

योजनेचं नाव ऐकलं की आधी एकच प्रश्न विचारा: ही फक्त पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना आहे की मधल्या वर्षालाही? यूट्यूबवरचे सल्ले इथेच फसवे असतात. एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची, प्रगती शिष्यवृत्ती मुलींना वर्षाला ५०,००० रुपये देते, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत चालतं, पण अर्ज पदवी-पदविकेच्या पहिल्या वर्षी किंवा थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेताना. तिसऱ्या वर्षाच्या मुलीला तिचा उपयोग शून्य. इंजिनिअरिंगमधल्या फीमाफीच्या जागाही प्रवेशाच्या वेळीच मिळतात. केंद्राची बारावीच्या गुणांवरची शिष्यवृत्ती, पदवीला वर्षाला १२,००० रुपये, तीही बारावीनंतर लगेचच मागायची असते आणि उत्पन्नाची मर्यादा साडेचार लाख आहे.

मधल्या वर्षाला असाल तर गोव्यातल्या योजना आधी बघा. साध्या पदवीसाठी पर्वरीच्या उच्च शिक्षण संचालनालयाची बर्सरी (गरजू विद्यार्थ्यांना मिळणारी आर्थिक मदत), व्यावसायिक कोर्सला तंत्रशिक्षण संचालनालय. अनुसूचित जाती आणि ओबीसी असाल तर समाज कल्याण खातं. गावडा, कुणबी, वेळीप समाजातल्या मुलांसाठी आदिवासी कल्याण खात्याची गगन भरारी शिष्यवृत्ती. आणि सगळ्यांसाठी गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी शैक्षणिक कर्ज. त्यात व्याज नाही, मुद्दल मात्र फेडायचं असतं. बिनव्याजी म्हणजे अनुदान असं समजून घेणारी घरं नंतर महामंडळाची पत्रं उघडायला घाबरतात.

चौथं काम: अर्ज भरा आणि त्याच्या मागे लागा

फॉर्म भरणं सोपं आहे, मोबाइलवरही होतं. पुढच्या दोन गोष्टी मात्र बघाच. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज कॉलेजनं पडताळून पुढे पाठवला नाही तर तो तिथेच मरतो. म्हणून शिष्यवृत्तीच्या टेबलावर जाऊन 'माझा अर्ज पुढे गेला का' हे विचारा. आम्हाला त्याचा राग येत नाही. (थोडा येतो, पण विचारा.) दुसरी गोष्ट खात्याची. बँकेत केवायसीला आधार दिलं म्हणजे शिष्यवृत्ती त्या खात्यात येईल असं नाही. थेट लाभाची रक्कम ज्या खात्याला आधार 'सीड' झालंय, म्हणजे सरकारी पैसे घेण्यासाठी जोडलंय, तिथे जाते, आणि ते बहुतेक वेळा शाळेत काढलेलं, विसरलेलं, बंद पडलेलं खातं असतं. बँकेत जाऊन कोणतं खातं सीड आहे ते विचारून घ्या.

पाचवं काम: कर्ज, लागलंच तर

शैक्षणिक कर्ज कोर्सच्या मध्यावरही मागता येतं. ४ लाखांपर्यंत बँक तारण मागत नाही, आणि स्वतःचा हिस्साही घालावा लागत नाही. शाखेत 'बापाला नोकरी नाही, मग कर्ज कसं?' असं म्हणाले तर नमतं घेऊ नका. फेड कोर्स संपल्यानंतर, साधारण वर्षभरानं सुरू होते, आणि ती मुलाच्या कमाईतून व्हायची असते. नकार लेखी मागा. लेखी मागितलं की पुष्कळदा नकार विरघळतो.

पीएम-विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. ठरावीक संस्थांच्या यादीतल्या विद्यार्थ्यांना ती विनातारण, विनाजामीन कर्ज देते, आणि उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात ३ टक्के व्याजसवलत. आपलं कॉलेज यादीत आहे का ते आधी बघा. दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत घेत असाल तर ही सवलत मिळत नाही, तेव्हा दोहोंतलं मोठं कोणतं ते कागदावर मांडून ठरवा.

आईचं सोनं? एका हप्त्यासाठी, पैसा कुठून परत येणार हे नक्की असेल तर ठेवा. चार वर्षांच्या फीसाठी कदापि नको. मोबाइलवरची झटपट कर्जाची अॅपं तर मुळीच नको. त्यापेक्षा वडिलांच्या प्रॉव्हिडंट फंडातून शिक्षणासाठी काही रक्कम काढता येते ती बघा, किंवा जुन्या विमा पॉलिसीवर कर्ज.

सगळं करूनही थांबावंच लागलं तर

मधल्या सत्रात उठून जाऊ नका. हातातलं सत्र पुरं करा, परीक्षा द्या. गोवा विद्यापीठाच्या पदवी अभ्यासक्रमांत २०२३-२४ पासून नवं शैक्षणिक धोरण लागू झालं आहे, त्यामुळे मिळवलेले क्रेडिट (पास झालेल्या विषयांचे श्रेयांक) अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन खात्यात जमा राहतात आणि जास्तीत जास्त सात वर्षं चालतात. अर्धवट सोडलेल्या सत्राचं तिथे काहीच जमा होत नाही. जाताना खात्यावर क्रेडिट चढले आहेत का ते तपासा, आणि मूळ कागदपत्रं परत घ्या. ती कॉलेजनं अडवून ठेवू नयेत असं यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, स्पष्ट सांगितलेलं आहे, फीची बाकी असली तरी. बाकीचा हिशेब मात्र लेखी घेऊन ठेवा, म्हणजे परत याल तेव्हा आकड्यावरून वाद होणार नाही.