एखादा देश ईयूत (युरोपियन युनियनमध्ये) गेल्यावर नागरिकत्वाचं काय होतं, ते कसं तपासायचं

कलिन्याला (मुंबई विद्यापीठात) पॉलिटिक्समध्ये एमए करणाऱ्यांनो, थिअरीपासून सुरूच करू नका, आधी एक देश पकडा, लाटविया घ्या. पहिलं बघायचं की जॉइन होण्याआधी बाहेर कोण होतं. 1991 ला स्वतंत्र झाल्यावर नागरिकत्व मिळालं ते 1940 आधीच्या नागरिकांना आणि त्यांच्या वारसांना, सोव्हिएत काळात आलेले लाखो लोक, बहुतेक रशियन बोलणारे, राहिले लटकत, तिथेच जन्मलेली त्यांची पोरं पण नॉन-सिटिझन! आपल्या डोमिसाइलच्या रांगा बऱ्या म्हणायच्या.

मग तारखा शेजारी शेजारी मांडा. 1993 च्या कोपनहेगन अटींत, म्हणजे ईयूत यायच्या अटींत, अल्पसंख्याकांचं संरक्षण आलं, 1998 ला सार्वमत घेऊन लाटवियाने वयोगटानुसार टप्प्याटप्प्याने नागरिकत्वाचे अर्ज घ्यायची पद्धत बंद केली, 2004 ला ईयूत एंट्री. पण सगळं क्रेडिट ब्रुसेल्सला, म्हणजे ईयूला, देऊ नका, ओएससीईचा (युरोपातली सुरक्षा आणि सहकार्य संघटना) रेटाही होता.

आणि एंट्रीनंतरचं बघाच, बरेच जण तिथेच थांबतात. ईयूचं नागरिकत्व देशाच्या नागरिकत्वातूनच मिळतं, त्यामुळे हे नॉन-सिटिझन युरोपियन पार्लमेंटला मत देऊ शकत नाहीत. त्यांच्या बाळांना आपोआप नागरिकत्व मिळायला लागलं तेच मुळी 2020 पासून.