नव्या उपकरणांवरच्या प्रतिक्रिया कशा वाचाव्यात

नवा फोन, नवा टॅबलेट किंवा टीव्हीला जोडायची नवी स्ट्रीमिंग स्टिक जाहीर झाली, की कार्यक्रम संपायच्या आतच मतांचा पाऊस सुरू होतो. कोणी म्हणते, नाव बदलून जुनेच विकायला काढले आहे. कोणी म्हणते, एवढ्या किमतीत हे कोण घेणार. आणि कोणी त्याच मिनिटाला आगाऊ नोंदणी करून मोकळे झालेले असते. ज्याला खरोखर खरेदी करायची आहे त्याची यात पंचाईत होते, कारण ही मते सोडून देता येत नाहीत आणि जशीच्या तशी मानताही येत नाहीत. त्यांचा उपयोग करून घेता येतो. मात्र त्यासाठी मत वाचण्याआधी ते कधी दिले गेले आणि देणाऱ्याच्या हातात त्या वेळी उपकरण होते का, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी लागते.

सुरुवात तारखेपासून करावी. घोषणेच्या दिवशीची प्रतिक्रिया बहुतेक वेळा उपकरणावर नसते, तर आधीच्या चार-सहा महिन्यांत फुटलेल्या बातम्यांनी वाढवून ठेवलेल्या अपेक्षांवर असते. आयपॅड २७ जानेवारी २०१० रोजी जाहीर झाला तेव्हा हा तर मोठ्या आकाराचा आयपॉड टच आहे, याला कॅमेरा नाही, यात फ्लॅश (वेबपानांवरचे व्हिडिओ आणि खेळ चालवणारे तेव्हाचे सॉफ्टवेअर) चालत नाही, अशा तक्रारींबरोबर त्याच्या नावावरही भरपूर विनोद झाले. ३ एप्रिलला विक्री सुरू झाली आणि २८ दिवसांत १० लाख आयपॅड विकले गेले. उलट बाजूचे उदाहरण सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७चे आहे. २ ऑगस्ट २०१६ रोजी जाहीर झालेल्या या फोनचे स्वागत उत्तम झाले, १९ ऑगस्टला तो बाजारात आला आणि बॅटरी पेटण्याच्या घटनांमुळे २ सप्टेंबरला कंपनीने तो परत मागवण्याची घोषणा केली. बदलून दिलेल्या फोनमध्येही तेच होऊ लागल्यावर ऑक्टोबरमध्ये उत्पादनच बंद करावे लागले. दोष बॅटरीच्या आत होता. तो व्यासपीठावर दिसणे शक्य नव्हते आणि आठवडाभर फोन वापरणाऱ्या परीक्षकालाही बहुधा दिसला नसता. म्हणून पहिल्या दिवशीच्या टाळ्या आणि पहिल्या दिवशीची टिंगल, दोन्हींना सारखेच वजन द्यावे, म्हणजे फार थोडे.

याचा अर्थ पहिल्या दिवशी वाचण्यासारखे काहीच नसते असा नाही, आणि या पद्धतीचा गाभा इथेच आहे. प्रत्येक तक्रार किंवा स्तुती तीनपैकी एका रकान्यात बसते. काही गोष्टी कागदावरच तपासता येतात: किंमत, वजन, पोर्ट, साठवण, खोक्यात काय आहे आणि काय नाही. काही हातात घेतल्यावरच कळतात: पकड, पडद्यावरची चमक, बटणांची जागा, आवाज. आणि काही फक्त काळ गेल्यावर कळतात: बॅटरीची झीज, सॉफ्टवेअरचे अपडेट, बिजागरी, चार्जिंगच्या पोर्टचा सैलपणा. एक कोरा कागद घेऊन त्यावर हे तीन रकाने आखावेत आणि वाचलेले मत त्यात मांडावे. मोबाइलमधल्या नोंदवहीपेक्षा कागद बरा पडतो, कारण तिन्ही रकाने एका नजरेत दिसतात.

समजा, एका टॅबलेटवर कोणी लिहिले आहे: ‘इतके पैसे घेऊन पेनसुद्धा वेगळे विकत घ्यायचे, हातात धरून दमायला होईल आणि दोन वर्षांत हा रखडायला लागेल.’ हे एकच वाक्य तीन रकान्यांत विभागले जाते. पेन सोबत नाही हे कंपनीच्या पानावर मिनिटभरात पाहता येते. ते खरे असेल तर पेनची किंमत टॅबलेटच्या किमतीत मिळवून मगच तुलना करावी. दमायला होईल हा अंदाज आहे, कारण लिहिणाऱ्याने टॅबलेट उचललेलाच नाही. पण त्यातून दुकानात काय तपासायचे ते मात्र समजते. तिसरा भाग म्हणजे भविष्यकथन आहे. त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह करावे आणि त्याचे उत्तर त्याच कंपनीच्या दोन वर्षांपूर्वीच्या टॅबलेटवर आज लोक काय लिहीत आहेत, तिथे शोधावे. ही शेवटची युक्ती मला सर्वांत उपयोगी वाटते आणि ती फारच थोडे लोक वापरतात.

कागदावर तपासता येणारी तक्रार पहिल्या दिवशीही बरोबर असू शकते, याचे चांगले उदाहरण स्ट्रीमिंग उपकरणांतच आहे. गूगलने जून २०१२मध्ये नेक्सस क्यू हा टीव्हीला जोडायचा गोळ्याच्या आकाराचा प्लेअर २९९ डॉलरला जाहीर केला. तो प्रामुख्याने गूगलच्याच सेवा वाजवत होता आणि चालवण्यासाठी अँड्रॉइड उपकरण लागत होते, त्यामुळे एवढ्या किमतीत इतकेच कसे, असा सूर लगेच उमटला. त्यासाठी गोळा हातात घेण्याची गरज नव्हती; किंमत आणि सेवांची यादी शेजारी शेजारी ठेवणे पुरेसे होते. कंपनीने विक्री पुढे ढकलली, आगाऊ नोंदणी केलेल्यांना तो फुकट दिला आणि जुलै २०१३मध्ये ३५ डॉलरचे क्रोमकास्ट हे टीव्हीत खोचायचे छोटे उपकरण आणले, ज्याचे स्वागत अगदी वेगळे झाले. आयफोन ७मधून सप्टेंबर २०१६मध्ये हेडफोनचे भोक गेले तेव्हाची ओरडही याच जातीची होती. पुढे लोकांना बिनतारी हेडफोनची सवय झाली हे खरे, पण ज्याच्याकडे तारेचा चांगला हेडफोन होता त्याला जोडणी मध्ये घालावी लागणार, हे त्या दिवशीही तितकेच खरे होते.

हातात उपकरण घेऊन लिहिलेली मते पुढच्या टप्प्यात येतात, पण त्यांतही फरक करावा लागतो. घोषणेच्या सभागृहातले ‘पहिले दर्शन’ म्हणजे प्रखर दिव्यांखाली, कंपनीने आधीच तयार ठेवलेल्या उपकरणावर, मागे रांग उभी असताना काढलेली काही मिनिटे असतात. त्यातून पकड आणि वजन एवढेच घ्यावे. वेग, कॅमेरा आणि बॅटरी यांबद्दलचे तिथले शब्द खुशाल ओलांडून पुढे जावे. सविस्तर परीक्षणे नंतर येतात आणि ती एकाच तासाला ढिगाने येतात, कारण ठरलेल्या वेळेआधी काही प्रसिद्ध करायचे नाही अशी अट परीक्षकांनी मान्य केलेली असते. अशा परीक्षणात प्रथम लेखकाने उपकरण किती दिवस वापरले आणि स्वतःचे सिम घालून रोजचा फोन म्हणून वापरले का, हे शोधावे. काही दिवसांचा वापरही कधी कधी मोठे काम करून जातो. सॅमसंगचा घडीच्या पडद्याचा फोन गॅलेक्सी फोल्ड २६ एप्रिल २०१९ रोजी विक्रीला यायचा होता. त्याआधीच काही परीक्षकांचे पडदे बिघडले. त्यांतल्या काहींनी वरचा थर संरक्षक कागद समजून सोलला होता, पण न सोलताही पडदे बिघडल्याची उदाहरणे होती. विक्री लांबली आणि थराच्या कडा चौकटीखाली दडवलेला सुधारित फोन सप्टेंबरमध्ये आला.

खरेदीदारांची मते हा सर्वांत मोठा आणि सर्वांत गढूळ साठा आहे. पहिल्या आठवड्यातले पाच तारे पुष्कळदा वेळेवर आलेल्या पार्सलला दिलेले असतात आणि एक तारा फाटलेल्या खोक्याला. विक्रीच्या संकेतस्थळावर जुन्या पिढीची मते नव्या उपकरणाच्या पानाला जोडलेली असू शकतात, म्हणून मते तारखेनुसार लावून विक्री सुरू होण्याआधीची सरळ वगळावीत. त्यानंतर दोन आणि तीन तारे देणाऱ्यांपासून वाचायला घ्यावे, कारण हा माणूस रागावलेलाही नसतो आणि हुरळलेलाही नसतो. काय आवडले आणि कुठे अडले हे दोन्ही तो लिहितो. वेगवेगळ्या नावांखाली तीच वाक्ये दिसू लागली, तर तो गठ्ठा बाजूला ठेवावा.

हा धडा मी थोडे पैसे मोजून शिकलो. काही वर्षांपूर्वी घोषणेच्या आठवड्यातली स्तुती वाचून मी एक स्ट्रीमिंग स्टिक घेतली. खोली आवरलेली दिसावी म्हणून तिची वीजतार भिंतीऐवजी टीव्हीच्याच यूएसबी पोर्टमध्ये खोचली, आणि ती चित्रपट रंगात आला की काळी पडून पुन्हा सुरू होऊ लागली. दोन रात्री मी इंटरनेटला दोष दिला. मग तीन तारे देणाऱ्या कोणा खरेदीदाराच्या दोन ओळी सापडल्या: टीव्हीचे पोर्ट पुरेशी वीज देत नाही, सोबतचा अडॅप्टर लावा. टीव्हीवरची अनेक यूएसबी पोर्ट जेमतेम अर्धा अँपिअर देतात आणि स्टिकला काही वेळा त्याहून अधिक लागते. या ओळी मी खरेदीआधीही वाचू शकलो असतो. वाचल्या नाहीत, कारण मी पाच तारेच वाचत होतो.

स्ट्रीमिंग उपकरणांबाबत आणखी एक पथ्य पाळावे लागते. अमुक ॲप यावर नाही, ही तक्रार उपकरणापेक्षा दोन कंपन्यांमधल्या कराराची असते आणि म्हणून ती फार लवकर शिळी होते. ॲमेझॉनच्या फायर टीव्हीवरून २०१७च्या अखेरीस गेलेले यूट्यूबचे ॲप जुलै २०१९मध्ये परत आले. मे २०२०मध्ये सुरू झालेली एचबीओ मॅक्स सेवा रोकू या कंपनीच्या स्ट्रीमिंग उपकरणांवर यायला डिसेंबर उजाडला. तेव्हा ॲपबद्दलचे मत महिन्याभरापेक्षा जुने असेल, तर ते न मानता सेवेच्या स्वतःच्या यादीत पाहावे.

किमतीबद्दलचे मत वाचताना ते कोणत्या किमतीवर दिले आहे याची नोंद शेजारी करावी. पहिल्या आयफोनचे ८ जीबीचे मॉडेल जून २००७मध्ये ५९९ डॉलरला विक्रीला आले आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला ३९९वर उतरले. आधी घेणारे इतके चिडले की ॲपलने त्यांना आपल्या दुकानात वापरता येणारे १०० डॉलर देऊ केले. एचपी टचपॅड हा टॅबलेट जुलै २०११मध्ये सुमारे ५०० डॉलरला आला तेव्हा त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. ऑगस्टमध्ये कंपनीने तो बंद करून ९९ डॉलरला काढला, तेव्हा त्याच टॅबलेटवर उड्या पडल्या. टॅबलेटमध्ये मधल्या काळात काहीही सुधारलेले नव्हते.

‘मागच्या वर्षीचाच फोन आहे’ ही दर वर्षी ऐकू येणारी तक्रार मी कोणत्याच रकान्यात लिहीत नाही. ती करणाऱ्याच्या हातात बहुधा मागच्या वर्षीचा फोन असतो. ज्याचा फोन चार-पाच वर्षांचा आहे त्याच्या दृष्टीने त्याच उपकरणात कॅमेरा, पडदा, बॅटरी असे सगळेच नवे असते. त्याने तुलना आपल्या जुन्या फोनशी करावी, तक्रार करणाऱ्याच्या फोनशी नव्हे.

तिसऱ्या रकान्यातल्या काही ओळी मात्र आता पहिल्या रकान्यात हलवता येतात. पिक्सेल ८बरोबर ऑक्टोबर २०२३मध्ये गूगलने आणि गॅलेक्सी एस २४बरोबर जानेवारी २०२४मध्ये सॅमसंगने सात वर्षांच्या अपडेटचे आश्वासन दिले, त्यामुळे निदान वचन तरी कागदावर तपासता येते. स्ट्रीमिंग उपकरणांवर असे वचन शोधूनच पाहावे लागते. २०१५ सालची दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट मार्च २०२५मध्ये आतल्या एका डिजिटल सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपल्यामुळे जगभर अचानक बंद पडली आणि दुरुस्ती यायला काही दिवस गेले. घोषणेच्या दिवशी हे कोणीच लिहू शकले नसते.

नवी मते वाचूनही कागदावर नवी ओळ येईनाशी झाली, की वाचन थांबवावे. माझ्या अनुभवात ही वेळ विक्री सुरू झाल्यावर साधारण महिन्याभराने येते. मग दुसऱ्या रकान्यातल्या ओळी घेऊन दुकानात जावे: टॅबलेट एका हातात आडवा धरून पाच मिनिटे काही वाचून पाहावे, फोनचे आवाजाचे बटण न बघता अंगठ्याला सापडते का ते पाहावे, स्टिकचा रिमोट हाताशी मिळाला तर त्यावर तर्जनीने नाही, अंगठ्याने टाइप करावे. जे दुकानात तपासता येत नाही ते पैसे देण्याआधी परतीच्या मुदतीशी जुळवावे, आणि खोके उघडल्या दिवसापासून त्या मुदतीच्या आत ते घरी तपासून घ्यावे.