शाळेतल्या फॉरेन्सिक प्रयोगांची रसायनं: आणताना आणि ठेवताना या चुका टाळा

बोटांच्या ठशांचा प्रयोग फसला की आधी पद्धतीवर संशय जातो. पुस्तक पुन्हा उघडलं जातं, प्रमाण पुन्हा मोजलं जातं. बिघाड मात्र बहुतेक वेळा बाटलीतच असतो. निनहायड्रिन (कागदावरचे बोटांचे ठसे जांभळे करून दाखवणारी पावडर), आयोडीन, सिल्व्हर नायट्रेट, हायड्रोजन पेरॉक्साइड ही मंडळी वर्षातून एकदा, फार तर विज्ञान प्रदर्शनाच्या आठवड्यात आणखी एकदा बाहेर निघतात. बाकीचा काळ कपाटात जातो. नाशिकचा मे, जुलै आणि जानेवारी हे तिन्ही महिने त्यांना तिथेच काढायचे असतात.

मार्चअखेरची मोठी बाटली

अनुदान ३१ मार्चच्या आत खर्ची टाकायचं म्हणून एकदम मोठ्या बाटल्या घेतल्या जातात. मग मेची सुट्टी लागते, पत्र्याखालची प्रयोगशाळा बंद राहते आणि सगळ्यात नाजूक रसायन सर्वांत जास्त उकाड्यात पडून राहतं. खरेदी प्रयोगाच्या तारखेवरून ठरवा. प्रदर्शन डिसेंबर-जानेवारीत असेल तर दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच मागणी द्या. निनहायड्रिन आणि ल्युमिनॉल (रक्ताच्या डागावर अंधारात चमकणारं रसायन) दुकानात सहसा तयार नसतं, डीलरला मागवून द्यावं लागतं. त्यासाठी तीन-चार आठवडे हाताशी ठेवा.

किती लागतं ते आधी कागदावर मांडा. निनहायड्रिनचं ०.५ टक्के द्रावण म्हणजे १०० मिलिलिटर अ‍ॅसिटोनमध्ये ०.५ ग्रॅम पावडर. पसरट बशीत ओतून ठसे उमटवलेल्या कागदाच्या पट्ट्या बुडवल्या तर ४० मुलांचा वर्ग त्यात आरामात होतो. म्हणजे ५ ग्रॅमच्या बाटलीत असे दहा घाणे निघतात. डीलर म्हणेल, ‘सर, पंचवीसची घ्या, स्वस्त पडेल.’ पडत नाही, कारण उरलेली वीस ग्रॅम पुढे टाकूनच द्यावी लागते. ग्रेड एलआर (प्रयोगशाळेतल्या साध्या वापराची) पुरे, एआरचे (जास्त शुद्ध, विश्लेषणाच्या ग्रेडचे) जादा पैसे शाळेने मोजायची गरज नाही. बिलावर बॅच नंबर घ्या, बाटलीवरची उत्पादनाची तारीख दुकानातच बघा आणि सेफ्टी डेटा शीट (रसायनाचे धोके आणि काळजी सांगणारा कागद) मागून घ्या. पुडीत किंवा पाण्याच्या बाटलीत सुटं रसायन कुणी देऊ केलं तर घेऊ नका, मग ते शेजारच्या शाळेतलं का असेना.

नाव जवळचं, वस्तू वेगळी

रक्ताच्या डागाची कॅसल-मेयर चाचणी करायची ठरते आणि मागणीपत्रात ‘फिनॉल्फ्थॅलीन’ लिहिलं जातं. डीलर टायट्रेशनला वापरतात ते इंडिकेटर द्रावण पाठवतो. डागावर टाकलं, पेरॉक्साइड टाकलं, काहीच झालं नाही. होणारही नाही. या चाचणीला फिनॉल्फ्थॅलीनचं क्षपण केलेलं, रंगहीन रूप लागतं. त्याचं नाव फिनॉल्फ्थॅलिन, शेवटची वेलांटी ऱ्हस्व. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या मदतीने पेरॉक्साइड त्याचं पुन्हा ऑक्सिडीकरण करतं आणि अल्कलीमुळे गुलाबी रंग दिसतो.

नेहमीच्या कृतीत २ ग्रॅम फिनॉल्फ्थॅलीन, २० ग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड, १०० मिलिलिटर पाणी आणि २० ग्रॅम जस्ताची भुकटी रंग जाईपर्यंत रिफ्लक्स करतात, म्हणजे वाफ थंड करून परत भांड्यात पाडत उकळतात. उकळती, तीव्र अल्कली आणि सुटणारा हायड्रोजन हा उद्योग शाळेच्या बाकावर करू नये. तयार अभिकर्मक छोट्या बाटलीत मागवा, किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाला फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर खेचणाऱ्या बंदिस्त कप्प्यात) ५० मिलिलिटर करून द्यायची विनंती करा. ठेवताना तीन गोष्टी सांभाळा:

- बाटली तपकिरी हवी आणि तळाला थोडी जस्ताची भुकटी राहू द्यावी. हवेमुळे होणारं ऑक्सिडीकरण तीच थोपवते.
- झाकण प्लास्टिकचं हवं, कारण काचेचं बूच अल्कलीने चिकटून बसतं. ते फार करकचून लावू नका आणि वर मोकळी जागा सोडा. जस्त आणि अल्कलीतून हायड्रोजन हळूहळू सुटत राहतो.
- वापरायच्या दिवशी २० मिलिलिटरला ८० मिलिलिटर अल्कोहोल घालून पातळ करा. उरलेलं परत मूळ बाटलीत ओतू नका.

प्रयोगात पेरॉक्साइड घालण्याआधीच गुलाबी रंग आला तर ती चाचणी बाद. द्रावण जुनं झालंय किंवा डाग टिपायच्या कापसाला काहीतरी लागलंय. रंग काही सेकंदांत यायला हवा. अर्ध्या मिनिटानंतर नुसत्या हवेनेही गुलाबी छटा येते आणि मुलं ती ‘रक्त सापडलं’ म्हणून वहीत लिहितात. माणसाचं रक्त शाळेत वापरू नका. मटणाच्या दुकानातून सुती कापडावर वाळवून आणलेला डाग चालतो. संस्थेचा त्यालाही विरोध असेल तर कच्च्या बटाट्याची चकती घ्या. त्यातल्या पेरॉक्सिडेजमुळे रंग येतो आणि या चाचणीने रक्त सिद्ध होत नाही, फक्त शक्यता कळते, हेही मुलांना दाखवता येतं.

पेरॉक्साइड मेलेलं आहे का?

सगळं बरोबर असूनही रंग येत नसेल तर पहिला संशय पेरॉक्साइडवर घ्या. औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड २० व्हॉल्यूम, म्हणजे साधारण ६ टक्के असतं. तेवढंच डिस्टिल्ड पाणी घातलं की ३ टक्के होतं. लॅब डीलरकडचं ३० टक्क्यांचं घेऊच नका, ते कातडी भाजतं आणि शाळेला त्याचा उपयोगही नाही. तपासणी सोपी आहे. परीक्षानळीत ५ मिलिलिटर घ्या आणि नखाएवढा कच्च्या बटाट्याचा तुकडा टाका. लगेच भरभरून फेस आला तर जिवंत, एखाद-दुसरा बुडबुडा आला तर नवीन बाटली आणा. पेरॉक्साइड काचेच्या घट्ट बाटलीत कधी भरू नका, ऑक्सिजनच्या दाबाने बाटली फुटते. दुकानातल्या मूळ बाटलीतच, अंधारात आणि गार जागी ठेवा.

परवाने आणि नोंदी

कृतीत ‘इथेनॉल’ लिहिलेलं असतं म्हणून अ‍ॅब्सोल्यूट अल्कोहोल (जवळजवळ शुद्ध इथेनॉल) मागवलं जातं आणि मागणी अडकते. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ मुळे त्याला उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. वर्गातल्या बहुतेक कामांना आयसोप्रोपिल अल्कोहोल (आयपीए) पुरतं आणि ते सहज मिळतं. अ‍ॅसिटोन किंवा आयपीए कुरिअरने मागवायच्या फंदात पडू नका, ज्वलनशील म्हणून पार्सल अडतं. स्थानिक डीलरकडून हातोहात आणा.

अ‍ॅसिडच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा आदेश शाळांनाही लागू आहे. वापराची नोंदवही ठेवायची, ती उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे सादर करायची आणि साठ्याला एक व्यक्ती नावानिशी जबाबदार धरायची. ही वही डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (शाळेच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत) मिसळू नका.

कपाटातले शेजारी

बाटल्या वर्णानुक्रमाने लावणं दिसायला छान, पण त्यामुळे ज्वलनशील अ‍ॅसिटोन आणि ऑक्सिडीकारक अमोनियम नायट्रेट एकाच फळीवर येतात. प्रकारानुसार लावा: ज्वलनशील एकीकडे, ऑक्सिडीकारक दुसरीकडे, आम्लं खालच्या फळीवर प्लास्टिकच्या ट्रेमध्ये, अल्कली त्यांच्यापासून लांब.

आयोडीन हा सगळ्यात वाईट शेजारी. त्याची वाफ साध्या झाकणातून निसटते. बिजागऱ्या गंजतात, आजूबाजूची लेबलं तपकिरी पडतात आणि वर्षभराने कुठली बाटली कशाची तेच कळत नाही. काचेच्या बाटलीत, ती बाटली आणखी एका काचेच्या बरणीत आणि बरणी लाकडी किंवा प्लास्टिकच्या कपाटात ठेवा. अमोनियाजवळ तर मुळीच नको. दोघांपासून होणारं नायट्रोजन ट्रायआयोडाइड वाळलं की नुसत्या स्पर्शाने फुटतं. ठशांसाठी एका झिपच्या पिशवीत चिमूटभर स्फटिक पुरतात. ठसा उठला की लगेच फोटो काढा, कारण थोड्या वेळात तो उडून जातो. स्टार्चचा फवारा मारला तर निळा होऊन जास्त टिकतो. सांडलेल्या आयोडीनवर हायपोचं, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचं द्रावण रंग जाईपर्यंत ओता.

अमोनियाचा त्रास निनहायड्रिनलाही होतो. ते अमिनो आम्लांशी जांभळा रंग देतं तसं अमोनियाशीही देतं. फिकट पिवळं द्रावण जांभळट झालं असेल तर कपाटात आधी अमोनियाची बाटली शोधा. अख्खा कागदच जांभळा झाला तर तो हातमोजे न घालता हाताळलेला असतो. काहीच उमटलं नाही तर बहुधा हवा कोरडी असते. मार्चमध्ये नाशिकला हे हटकून होतं. अ‍ॅसिटोन पूर्ण उडाल्यावर कागद ओल्या फडक्यासोबत, पण त्याला न टेकवता, बंद डब्यात २४ तास ठेवा. पेनाची शाई पसरली तर दोष अ‍ॅसिटोनचा, पुढच्या वेळी पेन्सिलीने लिहायला सांगा.

सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण करताना नळाचं पाणी वापरलं की त्यातल्या क्लोराइडमुळे ते दुधाळ होतं. डिस्टिल्ड पाणी घ्या, बाटली तपकिरी ठेवा, लागेल तेवढंच करा. उरलेलं सिंकमध्ये न ओतता मिठाचं पाणी घालून पांढरा साका गोळा करा.

ऋतूंचा हिशेब

प्लास्टर ऑफ पॅरिस पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढतं. त्र्यंबक-इगतपुरीकडच्या शाळांत उघडी पिशवी ऑगस्टपर्यंत टिकतच नाही. गुठळ्या दिसल्या तर चाळून वापरायचा मोह नको, ठसा ठिसूळ येतो. बुटाच्या ठशासाठी साधारण दोन वाट्या पावडरला एक वाटी पाणी घ्या, मिश्रण इडलीच्या पिठासारखं व्हायला हवं. हाताचा साचा मात्र कधी घेऊ देऊ नका. घट्ट होताना ते तापतं आणि बोटं भाजतात. पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. निळं जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये १२० अंशांना वाळवून पुन्हा वापरता येतं.

ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड १६.६ अंशांना गोठतं. निफाडकडे जानेवारीच्या सकाळी बाटली बर्फासारखी घट्ट दिसते आणि खराब झाली म्हणून फेकली जाते. ती खराब नसते. झाकण थोडं सैल करून कोमट पाण्याच्या भांड्यात उभी ठेवा, बर्नरवर धरू नका.

फ्रिजमध्ये ठेवायचं असेल तर तो शिक्षकांच्या डब्यांचा नको. घरगुती फ्रिजमध्ये अ‍ॅसिटोनसारखं काही तर कधीच नको. आतल्या थर्मोस्टॅटच्या ठिणगीने वाफ पेटू शकते.

उघडू नयेत अशा बाटल्या

जुन्या शाळांच्या कपाटात मागच्या फळीवर कधी बेन्झिडीन निघतं. जुन्या पुस्तकांतली रक्ताची चाचणी त्यावर होती, पण ते कर्करोगकारक आहे. पिक्रिक आम्लाची बाटली निघाली आणि झाकणाभोवती पिवळे कोरडे स्फटिक दिसले तर हात लावू नका, फिरवू नका, हलवू नका. कोरडं पिक्रिक आम्ल स्फोटक असतं. खोली बंद करून १०१ वर अग्निशमन दलाला कळवा. टॉलेन्सचं अभिकर्मक, म्हणजे अमोनियायुक्त सिल्व्हर नायट्रेट, साठवून ठेवलं की त्यातही स्फोटक साका बनतो, म्हणून ते त्याच तासाला सौम्य आम्ल घालून संपवायचं असतं. मागच्या वर्षीची बाटली सापडली तर तिलाही हाच नियम: न हलवता १०१. बेन्झिडीनसारख्या बाकी नको असलेल्या रसायनांची यादी करून विल्हेवाटीसाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नाशिकच्या प्रादेशिक कार्यालयात विचारा. ती यादी करताना बाटल्या जागेवरच ठेवून लेबलांचे फोटो काढले तरी पुरतात.